स्वादुपिंडाचा कर्करोग: लवकर कळण्याची काही खूण असते का?

मेघा_गोरेगाव
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझे मोठे दीर मार्चमध्ये गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग. वय ५९, निर्व्यसनी, रोज सकाळी आरे कॉलनीत चालायला जाणारे. गेल्या दिवाळीच्या आधीपासून पोटात वरच्या बाजूला दुखायचं, पाठीत कळ जायची. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या, मग पाठीसाठी शेक आणि व्यायाम. वजन उतरत होतं, तर येणारा-जाणारा म्हणायचा, "काय फिट दिसताय!" कळलं तेव्हा यकृतापर्यंत गेलेलं होतं.

आता घरात कुणाला ढेकर आला तरी सगळे एकमेकांकडे बघतात. त्यात गेल्या महिन्यात माझ्या नवऱ्याची (५४) साखर पहिल्यांदाच वाढलेली निघाली. तेव्हापासून तो मोबाइलवर लॅबच्या जाहिराती बघत बसतो. एका पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' फुकट आहे म्हणे. मला एवढंच विचारायचंय की या आजाराची आधी काही खूण असते का, की कळतं तेव्हा उशीरच झालेला असतो? आणि खूण असेल तर कशाकडे लक्ष द्यायचं आणि कशाकडे नाही?

निशाचर
वाचतोय. चांगला विषय.

चाळकरी_गिरगाव
मेघाताई, दिरांबद्दल वाचून वाईट वाटलं.

आमच्या चाळीत पोटदुखी हा आजारच मानत नाहीत. ओवा, हिंगाष्टक, इनो, मग समोरच्या केमिस्टकडून 'ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी'. एवढे टप्पे झाल्याशिवाय डॉक्टरचं तोंड बघायचं नाही असा अलिखित नियम आहे. आमचे एक शेजारी ती उपाशीपोटीची गोळी कित्येक वर्षं घेतायत, कोणी लिहून दिली होती ते त्यांनाही आठवत नाही.

स्टेथो
भांडुपला माझा दवाखाना आहे. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, पण हे पेशंट पहिल्यांदा आमच्यासारख्यांकडेच येतात, म्हणून लिहितो.

खुणा असतात. पंचाईत अशी की त्यातली प्रत्येक खूण एकेकटी घेतली तर शंभर साध्या कारणांनी होऊ शकते. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्यासमोर आडवं असतं, लांबी साधारण १५ सेंटिमीटर. पोट दाबून ते हाताला लागत नाही. त्याचं डोकं लहान आतड्याच्या वळणात बसलेलं असतं आणि पित्तनलिका तिथूनच जाते. त्यामुळे डोक्याकडे गाठ झाली तर नलिका दाबली जाऊन कावीळ होते आणि माणूस निदान डॉक्टरकडे तरी जातो. मधल्या भागातल्या किंवा शेपटाकडच्या गाठीत असं काहीच होत नाही. ती पाठीत दुखायला लागेपर्यंत बहुतेकदा आजूबाजूला पसरलेली असते.

दुखण्याची एक ढब मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. बेंबीच्या वर दुखतं, तिथून थेट पाठीत जातं, उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की जरा सैल पडतं. पेशंट सांगतो, "रात्री उशी पोटाशी धरून बसतो, तेव्हा कुठे डोळा लागतो." असं कोणी म्हटलं की मी ॲसिडिटीची चिठ्ठी लिहीत नाही.

आता साखर. पन्नाशीनंतर ज्यांना पहिल्यांदा मधुमेह निघतो, त्यांच्यातल्या शंभरात जेमतेम एकाला पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. बाकी सगळ्यांचा मधुमेह साधाच असतो. पण साध्या मधुमेहाआधी माणूस सहसा सुटत गेलेला असतो. साखर चढतेय आणि काही न करता वजन मात्र उतरतंय, भूक मेलीय, असं दिसलं तर नुसती मधुमेहाची गोळी सुरू करून मोकळं होऊ नये. जुना मधुमेही असेल, वर्षानुवर्षं साखर ताब्यात असेल आणि ती एकाएकी बिथरली, तरी हेच.

मेघाताई, मिस्टरांचं वजन काय म्हणतंय?

काथ्याकूट
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. असे धागे वाचून अर्धी मुंबई उद्या सोनोग्राफीच्या रांगेत उभी राहील. हा आजार सापडतो तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचंच ऑपरेशन होऊ शकतं. मग लक्षणांची यादी पाठ करून काय मिळणार? पर्रीकरांना काय कमी होतं? मुंबई, अमेरिका, दिल्ली, सगळीकडे उपचार झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये दुखणं निघालं आणि मार्च २०१९ मध्ये माणूस गेला. आपण कोण?

पार्ल्याचा_परदेशी
मग स्टीव्ह जॉब्ज कसा आठ वर्षं जगला? पैसा!

स्टेथो
@पार्ल्याचा_परदेशी, त्याचा प्रकार वेगळा होता. स्वादुपिंडाच्या कर्करोगात दहातले नऊ नलिकेच्या अस्तरातून होणारे, म्हणजे आक्रमक. जॉब्जचा न्यूरोएन्डोक्राइन, संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचा. तो बहुधा सावकाश वाढतो. त्याचा २००३ मध्ये सापडला आणि तो २०११ मध्ये गेला. दोघांची तुलना नको.

@काथ्याकूट, पंधरा-वीस हा आकडा बरोबर आहे. पण त्या पंधरा-वीसांत कोण येतं, हे कावीळ झाल्यावर तो पहिले काही आठवडे कुठे घालवतो यावरही ठरतं.

नानबा
त्या पंधरा-वीसांतले माझे बाबा आहेत, म्हणून लिहिते.

बाबांना दुखलं काहीच नाही. आधी सुरू झाली खाज. ती पण रात्री, तळहात-तळपायांना. आम्ही साबण बदलला, ढेकूण शोधले, गादी उन्हात टाकली. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली, ते म्हणाले पाणी कमी पितोय. शौचाचा रंग पांढुरका झाला, हे तर त्यांनी आम्हाला सांगितलंच नाही! आपल्याकडे मुलीला असलं कोण सांगतं? डोळे पिवळे झाले तेव्हा आईच्या लक्षात आलं.

पावसाळा होता, घरोघरी कावीळ सुरूच होती. सगळे म्हणाले बाहेरचं पाणी प्यायलात. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, ही ती कावीळ वाटत नाही. ताप नाही, मळमळ नाही, एसजीपीटी थोडंच वाढलंय, आणि अल्कलाइन फॉस्फटेज केवढं तरी. म्हणजे यकृताला सूज आलेली नाही, वाट कुठेतरी अडलीय. त्याच आठवड्यात कॉन्ट्रास्टचं (शिरेतून औषध देऊन करतात ते) सीटी झालं, डोक्याकडे गाठ दिसली. व्हिपल ऑपरेशन झालं, नंतर केमो. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढतात आणि उरलेलं पुन्हा जोडतात. सर्जननी आम्हाला आधीच बजावलं होतं की जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच करा, हौशीचं काम नाही.

बाबा आज स्वतः दादरला जाऊन भाजी आणतात. पुढे काय ते माहीत नाही. दर तपासणीच्या आधी आठवडाभर घरात कोणी धड बोलत नाही.

निशाचर
__/\__ बाबांना नमस्कार सांगा.

हर्णैची_मावशी
आमच्या गावाकडे काविळीवर औषध देतात, माझ्या दोन्ही मुलांची त्यानेच उतरली. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं पिवळं उतरताना डोळ्यांनी दिसतं. पथ्य मात्र कडक, तेल-तूप-हळद बंद आणि उसाचा रस. एवढ्या तपासण्या पूर्वी कुठे होत्या?

चाळकरी_गिरगाव
मावशी, ते पिवळं पाणी काविळीचं नव्हे. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्यात पिवळा पडतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हे करून दाखवतात. माझे हात धुतले तरी पिवळंच निघेल, आणि मला कावीळ नाही, नुसता कर्ज-हप्ता आहे.

स्टेथो
मावशी, तुमच्या मुलांची कावीळ विषाणूची असणार. ती तरुणांमध्ये बहुधा आपोआपच उतरते, श्रेय मात्र औषधाला जातं. म्हणूनच हे औषध टिकून आहे. पण साठीतल्या माणसाची, न दुखता झालेली, खाज सुटणारी कावीळ चुन्यात धुवायला नेली तर महिना-दीड महिना जातो. तेवढ्यात ऑपरेशनची संधी निघून गेलेले पेशंट मी बघितलेत. मावशी, गावात सांगाच हे.

हर्णैची_मावशी
सांगते. पण उसाच्या रसाला नावं ठेवू नका.

सोनो_सुप्रिया
मी सोनोग्राफी करते, ठाण्याला. इथे अजून कोणी बोललं नाही म्हणून सांगते: 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' या वाक्यावर लोक फार विसंबतात.

स्वादुपिंडाच्या पुढे जठर आणि आतडं, दोन्हींत हवा. हवेतून आमच्या लहरी पलीकडे जात नाहीत. पेशंट चहा-बिस्किट खाऊन आलेला असेल किंवा पोट सुटलेलं असेल तर डोक्याचा थोडा भाग दिसतो आणि शेपूट तर बऱ्याचदा दिसतच नाही. तसं आम्ही रिपोर्टमध्ये लिहितोही: 'पॅन्क्रियाज पार्शली ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस'. पण लोक खालची 'इम्प्रेशन'ची ओळ वाचतात, तिथे 'नो सिग्निफिकंट ॲबनॉर्मॅलिटी' असतं, आणि फाइल कपाटात जाते. पहिल्या पानावरची ती गॅसची ओळ वाचा. याचा अर्थ स्वादुपिंड चांगलं आहे असा नाही. ते पूर्ण बघता आलं नाही, इतकंच.

सोनोग्राफी वाईट नाही. पित्तनलिका फुगली असेल तर ती छान दाखवते. पण लक्षणं बोलतायत आणि सोनोग्राफी गप्प आहे, तर पुढची पायरी स्वादुपिंडासाठी ठरावीक पद्धतीने केलेलं कॉन्ट्रास्ट सीटी. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतायत का ते सांगणारी रक्ततपासणी, बघतात. बारीक गाठीसाठी एंडोस्कोपीच्या नळीतून आतूनच सोनोग्राफी करतात, तुकडाही तिथूनच घेतात.

काथ्याकूट
बघा, आता सीटीची रांग.

गणिती_गोगटे
काथ्याकूट यांच्या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे. ते निम्मं त्या 'फुकट कॅन्सर मार्कर'ला लागू पडतं.

समजा काहीही त्रास नसलेल्या एक लाख लोकांची चाचणी केली आणि त्यांच्यातल्या दहा जणांना खरोखर आजार आहे. चाचणी आजारी माणसांतले ८० टक्के पकडते आणि निरोगी लोकांतल्या १० टक्क्यांना उगाच पकडते. आकडे समजुतीपुरते धरलेत. दहातले आठ सापडले, आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ दहा हजार निरोगी लोकांची झोप उडाली. त्या गर्दीत ते आठ कसे शोधणार? अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्येही हेच सांगितलं की लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण लोकांची या आजारासाठी चाळणी करू नका.

सीए १९-९, म्हणजे या आजारासाठी रक्तात बघतात तो मार्कर, तर आणखी तऱ्हेवाईक. पित्ताचा खडा अडकून कावीळ झाली तरी ते वाढतं. आणि काही लोकांच्या रक्तात ते जन्मतःच बनत नाही, त्यांचा रिपोर्ट कर्करोग असूनही नॉर्मल येतो. आजार सापडल्यावर उपचार लागू पडतायत का हे बघायला ते उपयोगी. पॅकेजमध्ये घालायला फक्त लॅबला उपयोगी.

पण चाळणी वेगळी आणि लक्षणांचा पाठपुरावा वेगळा. कावीळ झालेल्या माणसाचं सीटी करणं म्हणजे चाळणी नव्हे.

पार्ल्याचा_परदेशी
गोगटेसाहेब +१. आमच्या इथे इंग्लंडात जीपींना (फॅमिली डॉक्टरांना) लेखी सूचनाच आहेत. चाळिशीपुढे कावीळ झाली की कर्करोगाचा संशय धरून तातडीने पुढे पाठवा. साठीपुढे वजन उतरलंय आणि सोबत जुलाब, पाठदुखी, पोटदुखी, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा नवा मधुमेह यातलं काहीही असेल तर दोन आठवड्यांत सीटीचा विचार करा. माझ्या दृष्टीने मेघाताईंच्या प्रश्नाचं सर्वात नेमकं उत्तर यातच आहे. वजन + काहीतरी.

चाळकरी_गिरगाव
आणि त्या दोन आठवड्यांसाठी जीपीची भेट किती महिन्यांनी मिळते?

पार्ल्याचा_परदेशी
तो वेगळा धागा काढा. :)

परळची_पायवाट
परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणाऱ्या गटात मी आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांशी रोज बोलणं होतं. दोन गोष्टी सांगते.

तंबाखू. सिगारेटने या कर्करोगाचा धोका जवळपास दुप्पट होतो हे डॉक्टर सांगतात, पण तंबाखू खाण्यानेही हा कर्करोग होतो हे कुणाच्या गावीच नसतं. बायका मिशरी लावतात आणि विचारलं तर "व्यसन काही नाही" म्हणून सांगतात. केसपेपरवरही तसंच लिहिलं जातं.

दुसरं, शौचाबद्दल लाजू नका. नानबांनी लिहिलंय तेच सारखं ऐकते. पांढुरकं होणं एक. दुसरं म्हणजे तेलकट, घाण वासाचं, तरंगणारं, कितीही पाणी ओतलं तरी जात नाही असं. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचला नाही की चरबी पचत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन उतरतं. बायकोला ठाऊक असतं, कारण संडास तीच धुते. डॉक्टरसमोर मात्र नवरा बोलतो आणि ती मागे उभी असते.

स्टेथो
शेवटच्या ओळीसाठी +१००. मी हल्ली मुद्दाम बाईंनाच विचारतो.

आणखी एक राहिलं: काही कारण नसताना पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. क्वचित तीच पहिली खूण असते.

अण्णा_डोंबिवली
माझं वय ६६. वरची लक्षणं वाचली, मला सगळी आहेत. १९८५ पासून.

चाळकरी_गिरगाव
अण्णा, तुम्हाला डोंबिवली फास्ट झालाय.

नानबा
अवांतर, पण कुणाला उपयोग होईल. ऑपरेशननंतर बाबांना जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. पहिल्या घासाबरोबर, जेवण झाल्यावर नव्हे. तेलकट-तुपकट असेल तर जास्त. वडापावला किती, हा त्यांचा डॉक्टरांना पहिला प्रश्न होता.

खरी अडचण पुढेच आली. ती औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात आणि बाबा माळकरी. वेष्टनावरचं वाचून त्यांनी डबा बाजूला ठेवला. पुन्हा वजन उतरायला लागलं. शेवटी त्यांच्या दिंडीतले एक जुने महाराज घरी आले, त्यांनी सांगितलं, औषध म्हणून घ्यायचं, त्याला दोष नाही. तेव्हापासून घेतात. गळ्यात माळही आहे. ज्यांच्या घरी असा प्रश्न येईल त्यांनी तो आधीच बोलून टाका, कारण माणूस लाजेने सांगत नाही आणि गपचूप गोळ्या टाकून देतो.

हर्णैची_मावशी
महाराजांनी बरोबर सांगितलं.

गणिती_गोगटे
मेघाताई, एक गोष्ट मघापासून डोक्यात आहे. दीर म्हणजे तुमच्या नवऱ्याचे सख्खे भाऊ ना? मग ते स्वतः पहिल्या फळीतले नातेवाईक झाले. त्यांना सर्वसाधारण लोकांचा हिशोब जसाच्या तसा लावता येणार नाही. स्टेथो, बरोबर ना?

स्टेथो
बरोबर. एका सख्ख्या नातेवाइकाला झालाय म्हणून लगेच दरवर्षी एमआरआय करत बसायचं नाही, धोका थोडासाच वाढतो. पण घरात आणखी कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा, आतड्याचा किंवा हाच कर्करोग झालाय का ते विचारा, दोन्ही बाजूंनी. बीआरसीए२ हे जनुक लोकांना स्तनाच्या कर्करोगामुळे माहीत असतं, पण त्यातल्या दोषाने स्वादुपिंडाचाही धोका वाढतो. हल्ली तर या कर्करोगाच्या प्रत्येक पेशंटची जनुकीय तपासणी करावी असंच सांगतात. दिरांची झाली होती का?

मेघा_गोरेगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धाग्यावर आले नाही कारण घरात चौकशीसत्र चालू होतं.

वजनाचं विचारलंत. ह्यांचं वजन वर्षभरात चांगलंच वाढलंय, पॅन्टची शिलाई उसवून झाली. दुखणं नाही, भूक तर विचारूच नका. आमच्या डॉक्टरांनीही हेच विचारलं आणि सध्या चालायला लावलंय, तीन महिन्यांनी साखर आणि वजन दोन्ही बघू म्हणाले. वजन आपोआप उतरलं तर खूश न होता यायचं, हे मात्र दोनदा सांगितलं. पॅकेज रद्द केलं.

दिरांची जनुकीय तपासणी झाली नव्हती. सासूबाईंना विचारलं तर आधी म्हणाल्या, आपल्याकडे कुणालाच नाही. मग जाऊबाईंनी आठवण करून दिली की धाकट्या आत्यांना 'गाठ झाली होती आणि पुण्याला ऑपरेशन केलं', ते स्तनाचंच होतं. तेव्हा आत्या चाळिशीच्याही आतल्या होत्या. घरात यावर कोणी कधी बोललंच नाही. आता काय करायचं?

स्टेथो
आता जनुकीय समुपदेशकांना भेटा. टाटाच्या खारघरच्या केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं, शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतही समुपदेशक असतात. आत्या हयात असतील तर तपासणी आधी त्यांची करणं सर्वात उपयोगाचं, कारण दोष असेल तर तो ज्याला आजार झाला त्याच्यात सापडण्याची शक्यता जास्त. त्यांच्यात नेमका दोष सापडला तर बाकीच्यांचं फक्त तेवढंच बघावं लागतं.

मेघा_गोरेगाव
आत्या आहेत, साताऱ्याला. ७१ वर्षांच्या, ठणठणीत. येतील का माहीत नाही. जाताना काय काय न्यायचं?

परळची_पायवाट
दिरांचा बायोप्सीचा रिपोर्ट न्या, तो नसेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून प्रत मिळते, नातं दाखवणारी कागदपत्रं लागतील. आत्यांचे जुने कागद असतील तेवढे. आणि एका कागदावर आजी-आजोबांपासून सगळ्यांची नावं, कुणाला काय झालं, कितव्या वर्षी. हे काम सासूबाईंना आणि आत्यांना फोनवर एकत्र बसवून करा. एकटीला विचारलं तर पुन्हा "आपल्याकडे कुणालाच नाही" म्हणतील.

मेघा_गोरेगाव
रविवारी फोन लावते.